शेवटचा कान

ती करवत सातव्यांदा दुकानात आली तेव्हा ताईने हातमोजे काढले, त्यांची घडी घातली, उलगडली, परत घातली. एवढी शांत मी तिला आयुष्यात एकदाच पाहिली आहे, आणि त्या दिवशी माझा समोरचा दात पडला होता. म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.

"साखळी फिरते," झाडकाका म्हणाले.

"स्लोला?"

"नाही, जेवताना! स्लोलाच. खटक्यावरचं बोट काढलं तरी फिरते. हे बघ." त्यांनी पाय उचलून सरळ आमच्या टेबलावर ठेवला. मांडीवर पॅंट वीतभर फाटली होती. आत दुसरी पॅंट होती. तीही फाटली होती. "तिसरी शाबूत आहे," ते म्हणाले. "सकाळी गारठा होता म्हणून वाचलो. उन्हाळा असता तर आज तुमच्याकडे नाही, डॉक्टरकडे गेलो असतो."

झाडकाकांचा धंदा म्हणजे लोकांच्या छपरांवर, तारांवर आणि शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेली झाडं वर चढून कापणं. माणूस दाराएवढा रुंद, पण झाडावर मुंगीसारखा चढतो. वर गेल्यावर दोन्ही हात फांदीला लागतात, तेव्हा ते करवत पट्ट्याच्या हुकाला अडकवतात. ती मांडीपाशी लटकत राहते. त्या वेळी तिने गप्प बसायचं असतं. तिचं तेवढंच काम राहिलं होतं आणि तेवढंच तिला जमत नव्हतं.

चेनसॉशी ज्यांची कधी गाठ पडली नाही अशा सुखी लोकांसाठी सांगतो. खटका दाबला की इंजिन ओरडतं आणि साखळी फिरते. सोडला की इंजिनाने हळू आवाजात गुरगुरत बसायचं आणि साखळीने जागच्या जागी थांबायचं. ह्या गुरगुरण्याला आम्ही स्लो म्हणतो. स्लो फार कमी ठेवला तर इंजिन बंद पडतं, फार वाढवला तर साखळी फिरतच राहते. दोन्हींच्या मधली जागा एक शेंगदाण्याएवढा स्क्रू ठरवतो.

आमच्या घराचं पुढचं सगळं त्या शेंगदाण्यावर येऊन अडकलं होतं.

झालं होतं असं. बाबांचं लहान इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान पस्तीस वर्षांचं. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, करवती. ताई त्यात बारा वर्षं आहे. मी चार वर्षं आहे, पण ती मोजत नाहीत. ताईला एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं, दुसऱ्या शहरात, आणि दोन महिन्यांत हो की नाही ते कळवायचं होतं. ती बाबांना म्हणाली, "मला जायचं नाहीये. पण इथे माझं काय आहे ते एकदा सांगा."

बाबांनी खिशातला बारका स्क्रूड्रायव्हर काढला. लाल मुठीचा, टोक झिजलेला. स्लोचा स्क्रू ते त्यानेच फिरवतात आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावत नाही. त्याच्या टोकाने त्यांच्या आठ शर्टांचे खिसे फाडले आहेत आणि आईने आठही शिवले आहेत. तो वर धरून बाबा म्हणाले, "तुझ्या हातून गेलेली एक करवत पंधरा दिवस परत आली नाही, की हा तुझा. दुकानही तुझं."

"कुठली करवत?"

त्याच क्षणी झाडकाका दारात उभे होते. "ही," बाबा म्हणाले.

ताई गेली असती तर दुकान माझ्याकडे आलं असतं, हेही इथे सांगून ठेवतो. मी एकदा सायकलचं चाक उलटं बसवलं होतं. ते उलटं बसतं हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा ती करवत आली होती ती अगदी उलट तक्रार घेऊन. बोट काढलं की बंद पडायची. ताईने एअर फिल्टर काढला, त्यातून लाकडाचा इतका भुसा निघाला की त्याचं परत झाड झालं असतं. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, स्लो बसवला. करवत मांजरीसारखी गुरगुरायला लागली. ताई हसली. तिचं ते शेवटचं हसणं.

चार दिवसांनी करवत हजर. आता साखळी थांबत नव्हती.

"क्लचची स्प्रिंग सैल असेल," ताई म्हणाली. बदलली. सहा दिवसांनी परत. मग कुठून तरी फुकटची हवा आत ओढत असेल म्हणून कार्बोरेटरमागचं रबर बदललं. परत. मग वायर अडकत असेल म्हणून वायर. मग सील. मग टाकीची नळी. प्रत्येक वेळी टेबलावर उत्तम, बाहेर गेली की पहिले पाढे पंचावन्न. पाचव्या वेळेपर्यंत त्या करवतीत मूळचं असं काही उरलंच नव्हतं, फक्त वरचं पिवळं कव्हर आणि तिचा स्वभाव.

मी मधे एक सूचना केली होती की कव्हरही बदलून बघू. त्यावर ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सूचना मागे घेतली.

बाबा ह्या सगळ्यात काही बोलायचे नाहीत. परीक्षा म्हणजे परीक्षा. तसेही ते हल्ली कमी बोलतात. काही विचारलं तर "बघू" म्हणतात. "बाबा, तेल संपलंय." "बघू." "बाबा, घराला आग लागलीय." हे मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं होतं. "बघू." आम्हाला वाटलं, निवृत्तीची तयारी चालली आहे, माणूस मायेतून सुटत चाललाय. वर घरात टीव्ही मात्र ते एवढ्या मोठ्याने लावतात की समोरच्या इमारतीतल्या आजी बातम्या आमच्याकडूनच ऐकतात आणि कधी कधी खिडकीतून मत देतात.

तर सहाव्या वेळी ताईने एक हुशारी केली. स्लो बसवला, आरपीएम मीटरवर अठ्ठावीसशे पाहिलं, आणि नेलपॉलिशचा एक ठिपका स्क्रूच्या डोक्यावर आणि एक शेजारी बॉडीवर दिला. दोन्ही ठिपके समोरासमोर. नेलपॉलिश आईची होती, गुलाबी, आणि आई ती दोन लग्नांपासून शोधत होती.

आता सातव्यांदा करवत टेबलावर आल्यावर ताईने पहिलं काम केलं ते ठिपके पाहण्याचं. मीही मान घालून पाहिलं. बॉडीवरचा ठिपका जागेवर होता. स्क्रूवरचा पाव फेरा पुढे सरकून दुसरीकडेच बघत होता.

"काका," ताई गोड आवाजात म्हणाली. इथे मी तिसरं पाऊल मागे घेतलं. "स्क्रूला हात कोणी लावला?"

"कुठल्या स्क्रूला?"

"ह्या."

"मी? पोरी, मी झाडं कापतो. स्क्रू पिळत बसायला मला वेळ आहे का?"

"मग तो आपोआप फिरला?"

"मला काय विचारतेस! तुमच्याकडून नेतो तशी लावतो, मांडी फाडून घेतो आणि आणून देतो. वर सात वेळा चहाही पाजला नाहीत."

"तुमच्या माणसांपैकी कोणी?"

"माझी माणसं म्हणजे माझा मेहुणा. तो खाली उभा राहून दोरी धरतो. त्याला स्क्रू दाखवलास तर तो शेंगदाणा समजून खाईल."

ताईने ठिपक्यांवर बोट ठेवलं. काकांनी दोन्ही हात वर केले. मग दोघं एकाच वेळी बोलायला लागले. ताईचं म्हणणं, स्क्रू कोणी फिरवल्याशिवाय फिरत नाही. काकांचं म्हणणं, त्यांच्या बापजन्मात त्यांना कोणी खोटं म्हटलेलं नाही, बायको सोडून. बाबा काउंटरवरून एकदा वळून म्हणाले, "बघू," आणि परत डब्यांत नटबोल्ट निवडायला लागले.

"असं करा," झाडकाका शेवटी म्हणाले, "हा धाकटा माझ्याबरोबर पाठवा. करवत ह्याच्या मांडीवर. माझ्या हातात द्यायच्या आधी ह्याने ठिपके बघायचे. मग बोला."

"चालेल," ताई म्हणाली.

मला चालेल का, हे कोणी विचारलं नाही. मी तीनच पावलं मागे घेतली होती, चार घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्लो पुन्हा बसवला. अठ्ठावीसशे. साखळी थांबलेली. ठिपके समोरासमोर, वर मी मोबाईलवर फोटो काढला, पुरावा म्हणून. मग करवत नेहमीसारखी बाहेर गेली, परत आली, मी ती उचलली आणि काकांच्या गाडीत मांडीवर घेऊन बसलो. रस्ताभर अंगठा स्क्रूवर दाबून धरला होता. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा एक माणूस माझ्याकडे बघत होता. चेनसॉला कुशीत घेऊन तिच्या पोटावर अंगठा दाबून बसलेला माणूस कसा दिसतो, ह्याची मला तेव्हा कल्पना आली. सिग्नल सुटायच्या आधीच तो निघून गेला.

काम एका शाळेच्या मागच्या अंगणात होतं. एक जाड फांदी वर्गाच्या पत्र्यावर टेकायच्या बेतात. मेहुण्याने दोरी सोडली. काकांनी हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणालो आणि अंगठा काढला.

ठिपका पाव फेरा पुढे होता.

मी मोबाईलमधला सकाळचा फोटो उघडून पाहिला. फोटोत ठिपके समोरासमोर. करवतीवर नाहीत. मी करवत उलटी केली. मग फोटो उलटा केला. मेहुणा म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "अजून कळलं नाही."

आता तुम्ही माझ्या जागी उभे राहा. दुकानापासून इथपर्यंत करवतीला फक्त माझा हात लागला होता. झाडकाका सुटले. मेहुणा सुटला. राहिलो मी. मी स्वतःचा अंगठा तपासला. त्यावर स्क्रूची खूण होती. गाडीच्या धक्क्यांनी माझ्या अंगठ्याने तो फिरवला असेल का? पण मग आधीच्या सहा वेळा कोणाच्या अंगठ्याने? माझा अंगठा माझ्याशिवाय कुठे जात नाही. जात असता तर मी त्यालाच पाठवलं असतं आणि स्वतः घरी झोपलो असतो.

मी ताईला फोन लावला.

"ठिपके सरकलेत."

"काकांनी हात लावला?"

"नाही. माझ्या मांडीवरच होती. गाडीतून उतरायच्या आधीच सरकले होते."

"गाडीत बसायच्या आधी?"

"आधी कुठे कोणी काय केलं? तू टेबलावर बसवलीस, मी फोटो काढला, मग बाबांनी बाहेर नेऊन शेवटचा कान दिला, मग मी..."

इथे मी थांबलो. फोनवर ताईही थांबली. पाठीमागे मेहुणा दोरीला गाठ मारत होता, तो तेवढा चालू राहिला.

शेवटचा कान हा आमच्या दुकानाचा जुना शिरस्ता आहे. कुठलंही मशीन बाबांनी ऐकल्याशिवाय दारातून जात नाही. बंद खोलीत मशीन खोटं बोलतं असं ते म्हणतात, म्हणून ते बाहेर फुटपाथवर नेतात, चालू करतात, डोळे मिटतात, ऐकतात, लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढून केसभर इकडे किंवा तिकडे फिरवतात आणि बंद करून आत आणून ठेवतात. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्या वेळात इंजिन गरमही होत नाही, आणि गार इंजिनावर साखळीही सहसा फिरत नाही, ती फिरते वर झाडावर. हे आम्ही जन्मापासून बघतोय. बाबांनी सकाळी चपला घातल्या, हे जसं कोणी लक्षात ठेवत नाही, तसं हे. काखेत कळसा म्हणतात ना, तो कळसा सात वेळा आमच्या डोळ्यांसमोरून फुटपाथवर जाऊन आला होता.

"ताई?"

"घेऊन ये," ती म्हणाली. "काकांनाही आण."

"ताई, बाबा मुद्दाम..."

"करवत घेऊन ये."

गाडीत परत येताना काका म्हणाले, "तुझा बाप तुझ्या बहिणीला दुकान द्यायला तयार नसेल तर सरळ नाही म्हणावं. माझ्या मांडीचा वापर का?" खरं सांगायचं तर मला त्याच गोष्टीची भीती वाटत होती. परीक्षा घेणाराच रोज रात्री पेपर बदलून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, नापास.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुकानातला कॉम्प्रेसर चालू होता आणि बाबा काउंटरपाशी नटबोल्टच निवडत होते. मला वाटतं ते बोल्ट त्यांनी तेव्हा तिसऱ्यांदा निवडले असतील. ताईने माझ्या हातातून करवत घेतली, दाराच्या पायरीवर ठेवली, चालू केली, दोन-तीन वेळा खटका दाबून नीट गरम केली, स्वतःच्या स्क्रूड्रायव्हरने ठिपका मागे आणला, मीटर लावलं. अठ्ठावीसशे. साखळी स्तब्ध. करवत अशी गुरगुरत होती की कोणाला वाटावं, तिच्याबद्दल आम्ही उगाच वाईट बोलतोय.

मग ताई आत आली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. ते वळले.

"बाबा," ती त्यांच्या तोंडासमोर म्हणाली. प्रत्येक शब्द वेगळा पडत होता. "सहा वेळा मी ही टेबलावर बरोबर बसवली. सहा वेळा तुम्ही बाहेर नेऊन स्क्रू फिरवलात. आजचा धरून सात. मला दुकान द्यायचं नसेल तर तसं सांगा, मी उद्या त्या कारखान्याला हो कळवते. पण आत्ता माझ्यासमोर ही ऐका, आणि सांगा, माझ्या स्लोमध्ये काय कमी आहे."

बाबांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग काकांच्या कालच्याच फाटक्या पॅंटकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्याचं काही नव्हतं. होता तो राग, चांगला खणखणीत. "कमी आहे म्हणूनच वाढवतो ना! इतका कमी ठेवतेस की मशीन वर गेल्यावर दम तोडेल. गिऱ्हाईक झाडावर असतं. बंद पडली तर तो तिथे बसून काय करणार, घरटं बांधणार? चल, ऐकतो."

ते पायरीपर्यंत आले. चष्मा कपाळावर सरकवला. डोळे मिटले. मान थोडी डावीकडे कलती केली, पस्तीस वर्षं करतात तशी.

करवत त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर गुरगुरत होती.

"हं," बाबा म्हणाले, "आता चालू कर."

झाडकाकांचं तोंड उघडं राहिलं. मी कॉम्प्रेसर बंद केला, मला वाटलं त्याच्यामुळे असेल. करवतीचा आवाज आणखी स्वच्छ झाला.

"चालू आहे, बाबा," मी म्हणालो.

ते तसेच उभे, डोळे मिटून, मान कलती. ओठांवर जरा वैताग. "चालू कर ना. किती वेळ उभा राहू?"

ताईने बारा वर्षांचा आणि सात वेळांचा राग गोळा करून आणला होता. तो ठेवायला जागा उरली नाही. ती खाली वाकली, बाबांचा उजवा हात धरला आणि करवतीच्या मुठीवर ठेवला.

बाबांनी डोळे उघडले. त्यांचा हात मुठीवर थरथरत होता, आणि तो थरथराट त्यांचा नव्हता. त्यांनी साखळीकडे पाहिलं. एक्झॉस्टमधून निघणाऱ्या विरळ धुराकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः बटण दाबून ती बंद केली आणि हाताखालचं थरथरणं थांबताना बघत राहिले.

रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली. ते वळले नाहीत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. कोणाला ते कळलं नाही, म्हणून कोणीच उत्तर दिलं नाही.

उत्तर जिन्यावरून आलं. आई चहाचा ट्रे घेऊन खाली येत होती, झाडकाकांची सात चहांची बाकी एका फेरीत फेडायला. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?" ताई ओरडली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. ह्यांना. चार वेळा."

मी हसलो. मला हसायला नको होतं. पण झाडकाकाही हसले, आणि त्यांच्या हसण्याने ट्रेमधल्या कपांना लाटा आल्या. बाबांना विनोद कळला नव्हता. आईने त्यांच्यासमोर उभं राहून तो परत सांगितला, मोठ्याने, हातवारे करून. समोरच्या इमारतीतल्या आजींनीही ऐकला असावा, कारण त्यांची खिडकी उघडली.

बाबा हसले नाहीत. ते ताईकडे वळले. "करवत सात वेळा आली. आणि तुम्ही दोघं गाढवं, एकदाही माझ्याकडे आला नाहीत?"

"आलो असतो तर काय केलं असतंत?" ताई त्यांच्या तोंडासमोर म्हणाली.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ओरडलो असतो."

"म्हणून."

बाबांनी काकांची पॅंट बोटाने उचलून आतली पॅंट पाहिली, आणि तिच्या आतली. बराच वेळ पाहिली. मग ते बाकावर बसले आणि चहा घेतला. खिशातल्या लाल मुठीवर त्यांचा हात होता, आणि मला वाटलं, आता ते तो काढून ताईला देणार. मी फोनही काढला होता, फोटोसाठी.

"बघतोस काय?" ते मला म्हणाले. "पंधरा दिवस म्हणालो होतो. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. काका, न्या ही."

"शेवटचा कान?" काकांनी सवयीने विचारलं, मग जीभ चावली.

बाबांनी ओठ वाचले असावेत. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. खरोखर बसले. करवत दारातून बाहेर जाईपर्यंत ते तसेच बसून होते.

त्यानंतर आमच्या दुकानात जी शांतता होती तिला शांतता म्हणणं अवघड आहे. ताई प्रत्येक मशीन दोनदा मोजायची. बाबा प्रत्येक मशीनबरोबर दारापर्यंत जायचे आणि हात मागे बांधून परत यायचे. कुठलीही जड गाडी दारात थांबली की आम्ही तिघं वर बघायचो. चौथ्या दिवशी आई त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर काय म्हणाले हे बाबांनी सांगितलं नाही. "त्याचा आवाजच बारीक होता," एवढंच म्हणाले. नवव्या दिवशी कारखान्यातून परत एकदा विचारणा आली. ताईने फोन उलटा करून ठेवला.

चौदाव्या दिवशी दुपारी झाडकाकांची गाडी दारात थांबली.

ते उतरले. मागचं झाकण उघडलं. करवत बाहेर काढली. पिवळी. तीच.

ताईच्या हातून पाना पडला. बाबा उभे राहिले. मी मनातल्या मनात दुकानाच्या पाटीवर माझं नाव वाचलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांची माफी मागितली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"साखळीची पट्टी वाकली," काका म्हणाले. "मेहुण्याने फांदीखाली अडकवली आणि मग तिच्यावर लटकला."

"आणि स्लो?"

"स्लोचं काय? बोट काढलं की गप्प. इतकी गप्प की परवा मी तिला हुकावर विसरून घरी गेलो. बायको म्हणाली, ती वस्तू काढून जेवायला बसा." त्यांनी पाय टेबलावर ठेवला. "हे बघ. एकच पॅंट."

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

ताईने तोंड त्यांच्यासमोर नेलं. "पट्टी वाकली. स्लो बरोबर आहे."

"म्हणजे परत आली."

"पट्टीसाठी आली, बाबा!"

"परत आली ती आलीच," बाबा म्हणाले. ताईने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले, मी ओठांवरून वाचले. सातवर असताना टेबलावर काहीतरी वाजलं. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर तिच्या पान्यांच्या ट्रेमध्ये पडलेला होता, आणि बाबा पाठ करून काउंटरकडे चालले होते. चालता चालता त्यांनी खिसा दोनदा चाचपला.

ताईने तो उचलला नाही. पट्टी बदलली, करवत चालू केली, स्वतःच्याच स्क्रूड्रायव्हरने स्लो पाहिला. मीटर लावलं. मग ती काउंटरपर्यंत गेली, बाबांना बाहीला धरून आणलं आणि त्यांचा हात मुठीवर ठेवला.

"शेवटचा हात," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. मान डावीकडे कलती केली. करवत गुरगुरत होती, साखळी जागच्या जागी होती. त्यांनी एवढा वेळ घेतला की मी अस्वस्थ होऊन पाय बदलला.

"हं," ते म्हणाले.

"काय हं?" ताईने त्यांचा दंड हलवला. "कसा आहे?"

त्यांनी हात काढला आणि पॅंटला पुसला.

"गरम आहे," बाबा म्हणाले, आणि बोल्ट निवडायला गेले.